गढी : पांढरीवरचा वाडा (नाशिक)

गढी म्हणजे देशमुख, जहागीरदार किंवा इनामदार घराण्याचा तटबंदीचा वाडा. महाराष्ट्रात तो पुष्कळदा पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या थरांनी शेकडो वर्षांत वर आलेल्या टेकाडावर, बांधलेला आढळतो. पिकाऊ जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा हा जुना शब्दभेद आहे. राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती यांमुळे पांढरीला तिचा फिकट रंग येतो. वाडा बांधणाऱ्याला अशी जागा आयतीच उंच मिळे, पुरापासून दूर राही आणि तेथून चहूकडे नजर ठेवता येई.

‘नाशिक नव टेकांवर वसविले’, म्हणजे नऊ टेकाडांवर, असे म्हणतात. त्या टेकांपैकी गोदावरीकाठच्या जुन्या गढीचे, म्हणजेच मातीच्या गढीचे, उत्खनन ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९५०-५१ मध्ये केले. तळाशी ताम्रपाषाणयुगीन रंगीत खापरे व सूक्ष्म दगडी हत्यारे, त्यांवर सातवाहनकाळाला कवेत घेणारे प्राचीन ऐतिहासिक थर आणि सर्वांत वर मुसलमानी-मराठा काळाचे अवशेष, असा क्रम त्यात मिळाला. पांडवलेण्यांतील एका शिलालेखात दान देणारे म्हणून ‘नासिकक’, म्हणजे नाशिककर, येतात. त्यांच्या काळातले गाव पाहायचे तर लेण्यांपेक्षा या मातीकडे वळावे लागते.

गढी पाहताना लोक दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, सागवानी खांब आणि तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे छत, पाहून थांबतात. भुयाराच्या गोष्टीही आवडीने ऐकल्या जातात, पण दाखवले जाणारे भुयार अनेकदा धान्याचे पेव असते. खरे पाहण्याजोगे असते ते तटाच्या उघड्या पडलेल्या भागात. दगडी पायावरचा तट पांढऱ्या मातीचा असेल, तर ती बहुधा त्याच टेकाडाची असते. त्यामुळे दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीत दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे चिणलेली दिसतात.

या टेकाडांचा नाश दोन वाटांनी होतो. खत म्हणून शेतकरी पांढरी गाड्या भरून नेत आले आहेत, आणि नदीकाठची गढी पावसाळ्यात कडेने ढासळते. ढासळलेल्या मातीतले खापर कोणत्या थरातले होते, हे मग कोणालाच सांगता येत नाही.