अल्पवयीनांवरील रुग्णालयपूर्व तातडीचे उपचार व संमती

अल्पवयीन रुग्णावर घटनास्थळी किंवा रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करताना संमती कोणाची घ्यावी, आणि ती वेळेत मिळण्यासारखी नसेल तर उपचार कशाच्या आधारे करावेत, यासंबंधीचे कायदेशीर व वैद्यकीय संकेत. एरवी मुलांच्या उपचारांना आई-वडील किंवा कायदेशीर पालक संमती देतात. मात्र जीव वा अवयव धोक्यात असेल आणि पालकांना गाठेपर्यंत थांबणे घातक ठरणार असेल, तर संमतीवाचून उपचार करण्याची मुभा बहुतेक विधिव्यवस्थांत आहे.

या मुभेचे मूळ कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार ती ‘गृहीत संमती’ होय : सुज्ञ पालक तेथे हजर असता, तर त्याने होकारच दिला असता, असे कायदा मानून चालतो. अमेरिकी निवाड्यांत आणि तेथील प्रशिक्षणात ही मांडणी विशेष आढळते. दुसरे मत ‘आवश्यकते’चे : रुग्णाच्या हितासाठी उपचार करणे भागच असते, म्हणून ते कायदेशीर ठरतात. संमती देऊ न शकणाऱ्या एका प्रौढ स्त्रीच्या प्रकरणात इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९८९ मध्ये या तत्त्वाचा आधार घेतला. हे दुसरे मत अधिक सरळ वाटते, कारण कोणी न दिलेला होकार दिल्याचे मानण्याची त्यात गरज पडत नाही.

कायद्याच्या मजकुरात हा विचार बराच आधी आलेला दिसतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ खाली पुढील आशयाचे उदाहरण आहे : अपघात झालेल्या मुलावर तत्काळ शस्त्रक्रिया न केल्यास त्याचा जीव जाण्याचा संभव आहे, पालकाला विचारण्यास वेळ नाही, मूल ‘नको, नको’ म्हणून विनवीत आहे, तरीही शस्त्रवैद्य सद्‌भावनेने त्याच्या हितासाठी शस्त्रक्रिया करतो. हा अपराध नव्हे. संहितेचा पहिला मसुदा १८३७ मधला असल्याने कल्पना त्याहून जुनी असणे शक्य आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे.

मुभेची मर्यादा दोन अमेरिकी निवाड्यांतून स्पष्ट होते. मिशिगनमध्ये १९१२ साली, रेल्वेखाली पाय चिरडलेल्या सुमारे १५ वर्षांच्या मुलाचा पाय आई-वडिलांना न विचारता कापणाऱ्या शस्त्रवैद्याला न्यायालयाने दोषी धरले नाही. टेक्ससमध्ये १९२० साली निकाल उलट लागला. बहिणीने आणलेल्या ११ वर्षांच्या मुलीच्या गलग्रंथी (टॉन्सिल) काढताना ती दगावली. तेथे तातडी नव्हती आणि पालकांना विचारता आले असते. दोन्ही प्रकरणे रुग्णालयातली असली, तरी रस्त्यावरही कसोटी हीच लावली जाते.

वयोमर्यादा देशपरत्वे वेगळी आहे. इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्यानुसार १६ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः संमती देऊ शकते. १९८५ च्या गिलिक निवाड्यानंतर पुरेशी समज असलेल्या त्याहून लहान मुलाची संमतीही ग्राह्य ठरू शकते.

प्रत्यक्षात श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबवणे, प्राणवायू देणे किंवा तीव्र ॲलर्जीत ॲड्रिनॅलिन टोचणे यांसाठी थांबायचे नसते. पालकांना फोन त्याच वेळी दुसऱ्याने लावावा. सोबतचे शिक्षक वा प्रशिक्षक केवळ हजर असल्याने कायदेशीर पालक ठरत नाहीत, पण ॲलर्जी, चालू औषधे, अपघात कसा घडला, हे तेच सांगू शकतात. मुलाची संमती कायद्याने लागत नसेल तेव्हाही बाही कापण्यापूर्वी, सुई टोचण्यापूर्वी त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलेच पाहिजे. घाईत हेच प्रथम सुटते, आणि घाबरलेल्या मुलाला त्याचीच सर्वाधिक गरज असते.

पालक हजर असून नकार देत असतील, तर प्रसंग अवघड होतो. किरकोळ दुखापतीत नकार सहसा मानला जातो. जीव धोक्यात असताना मात्र धोका पुन्हा समजावणे, वैद्यकीय नियंत्रण कक्षातील डॉक्टरांना फोनवर घेणे आणि गरज पडल्यास पोलीस वा बालसंरक्षण यंत्रणेला बोलावणे, असा क्रम सांगितला जातो. धर्मस्वातंत्र्यात मुलाला आजारपण वा मृत्यूच्या धोक्यात लोटण्याची मोकळीक येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये, बालश्रमाच्या एका प्रकरणात, म्हटले होते.

फोन किती वाजता लावला, कोणी उचलला, मुलाची अवस्था तेव्हा कशी होती आणि थांबणे का शक्य नव्हते, याची नोंद रुग्णवाहिकेच्या कागदावर त्याच वेळी करावी लागते.