एच-इंडेक्स मोठा म्हणजे संशोधक मोठा?

खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन केंद्रात पीएचडीला गाईड शोधताना अनेकजण आधी एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाच्या कामाचं आकड्यातलं माप, बघतात. आकडा मोठा तर माणूस मोठा, हा जुना समज चुकीचा आहे.

हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप मांडलं. एच-इंडेक्स २० म्हणजे प्रत्येकी किमान २० उद्धरणं (इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख) मिळालेले २० शोधनिबंध, एवढंच. कुणी आधारासाठी उद्धृत केलं की खोडून काढायला, हे त्यातून कळतच नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा १९९८चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्याला उद्धरणं मात्र भरपूर, आणि त्यातली बहुतेक त्याच्यावर टीका करणारी!

शिवाय गूगल स्कॉलर आणि स्कोपस या उद्धरणं मोजणाऱ्या संकेतस्थळांवर एकाच व्यक्तीचे आकडे वेगळे दिसतात. तेव्हा गाईडचे दोन-तीन निबंध स्वतः वाचा आणि त्यातलं त्यांचं काम नेमकं कोणतं, ते बिनधास्त विचारा.