परकर, फ्रॉक आणि मधली शंभर वर्षे

मुलीला फ्रॉक घ्यावा, कुर्ता-लेगिंग घ्यावी की जीन्स, हा प्रश्न आज दुकानात उभ्या असलेल्या आईवडिलांना पडतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात तो पडण्याचे फारसे कारण नव्हते. तान्हेपणी झबले, टोपडे आणि कुंची, पुढे परकर-पोलके आणि लग्न झाले की लुगडे, असा क्रम ठरलेला होता. आईवडिलांच्या हाती उरत असे ती केवळ कापडाची निवड: सुती की रेशमी, आईच्या विरलेल्या लुगड्यातून बेतलेले की सणासाठी मुद्दाम आणलेल्या खणाचे. अनेक घरांत लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी उरकली जात, त्यामुळे परकराची वर्षे मुळातच थोडी असत. लहान मुलींच्या मापाची आखूड लुगडीही असत आणि त्यांना चिरडी म्हणत. हा शब्द आता कोशापुरता उरला आहे. त्या काळच्या बालपणाबद्दल मात्र तो पुष्कळ सांगून जातो.

परकर-पोलक्यासाठी नावाजलेला खण प्रामुख्याने गुळेदगुड्डचा. हे गाव आज कर्नाटकात असले, तरी १९५६ पर्यंत त्याचा विजापूर जिल्हा मुंबई राज्यात होता आणि या कापडाचे मोठे गिऱ्हाईक मराठी घरांतच होते. खणाचा पन्हा लहान असतो. एका तुकड्यात चोळी बेतता येते, परकराला मात्र अधिक कापड लागते. म्हणूनच परकर वाढत्या अंगाचा शिवण्याची पद्धत पडली असावी: खालच्या बाजूला चांगली रुंद मुडप घालून ठेवायची आणि मुलगी उंच झाली की टीप उसवून ती सोडायची. उसवलेल्या जागी गडद रंगाचा पट्टा दिसे आणि मुलगी किती वाढली, हे त्यावरून कोणालाही कळे.

हा क्रम बदलला तो फॅशनमुळे नव्हे, तर शाळा आणि लग्नाचे वय यांमुळे. पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली आणि १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठीचे मुलीचे किमान वय, लग्न झालेले असले तरी, दहावरून बारावर नेले. १९२९ मध्ये संमत झालेल्या आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. कायदे सर्रास मोडले गेले, हे खरे. तरी शहरी, शिकलेल्या घरांत बालपण आणि लग्न यांच्यामध्ये काही वर्षे मोकळी झाली आणि त्या वर्षांत मुलीने काय घालावे, याला परंपरेकडे तयार उत्तर नव्हते.

ती जागा फ्रॉकने घेतली. मुंबईच्या पारशी आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांच्या शेजारामुळे पाश्चात्त्य घाटाचे कपडे अनोळखी नव्हते. फ्रॉकला कापड कमी लागे, पायांत घोळ येत नसे आणि शिवणयंत्र घरात आल्यावर तो आईलाही शिवता येई. एकाच ताग्यातून दोघी बहिणींचे फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉक बेतणे हा काटकसरीचाच भाग होता. बहिणींना तो किती आवडे, हा प्रश्न कोणी विचारत नसे. मात्र मुलगी वयात आली की फ्रॉक बंद होऊन परकर आणि मग पाचवारी, हा दंडक बराच काळ टिकला. पुढे पंजाबी ड्रेसने ती अडचण सोडवली: अंग झाकलेले आणि सायकल चालवण्याची सोय. संस्कृतिरक्षकांनी त्यालाही प्रथम नाके मुरडली होती, हे आता आठवतसुद्धा नाही.

तयार कपड्यांची बाजारपेठ १९९१ नंतर फोफावली, शिंप्याकडची फेरी कमी झाली आणि मापाऐवजी ‘चार ते पाच वर्षे’ अशी चिठ्ठी आली. वाढत्या अंगाचे घेण्याची सवय मात्र गेली नाही; मुडपीऐवजी आता एक नंबर मोठा घेतात. खणही परत आला आहे, पण फ्रॉकच्या घाटात, मागे चेन आणि आत मऊ सुती अस्तर लावून. गणपतीत आणि पाडव्याला तो हौसेने घातला जातो.