अरुणा शानबाग प्रकरण: उपचार थांबवायचे की नाही, हे ठरवायचं कुणी?

रुग्ण बरा होण्याची आशा उरली नाही, तर कृत्रिम आधार काढता येतो का, यासाठी आज आपल्याकडे जे नियम आहेत, त्यांची सुरुवात परळच्या केईएम रुग्णालयातल्या एका खाटेपासून झाली. या वादात एरवीच्या भूमिका पूर्ण उलट्या होत्या. सहसा नातेवाईक एका बाजूला असतात आणि डॉक्टर-परिचारिका दुसऱ्या. इथे मात्र परिचारिकांनीच नातेवाइकांची जागा घेतली होती.

अरुणा शानबाग केईएममध्येच परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर जवळपास बेचाळीस वर्षं त्या भान हरपलेल्या अवस्थेत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. आई-वडील वारले होते आणि बाकीचे जवळचे नातेवाईक देखभालीत नव्हते. भरवणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं हे सगळं सिस्टर करत. एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने ते काम हाती घेतलं. इतक्या वर्षांत एकही बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने आदराने नोंद घेतली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांनी केली आहे, त्यांना या एका ओळीचं मोल कळेल.

2009 मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अशा अवस्थेत जगवत ठेवणं म्हणजे प्रतिष्ठेने जगणं नव्हे, म्हणून अन्न देणं थांबवावं, अशी मागणी होती. केईएमच्या कर्मचाऱ्यांनी त्याला ठाम विरोध केला. मला यात कुणाचाही हेतू वाईट दिसत नाही. दोघांनाही अरुणांचं भलंच हवं होतं आणि अरुणांना स्वतःला काय हवं होतं, हे विचारायची सोय नव्हती. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या समितीने त्यांना तपासलं. मेंदू मृत नव्हता. आवडीचे मासे किंवा चिकन सूप मिळालं की त्या हसत, असंही अहवालात होतं.

7 मार्च 2011 ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं त्यांनी ठरवलं. मात्र याच निकालाने कृत्रिम आधार काढून घेण्याला देशात पहिल्यांदा वाट करून दिली. अट अशी होती की प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी हवी. मालमत्तेच्या लोभाने नातेवाईक गैरफायदा घेतील, ही भीती त्यामागे होती. ती अनाठायी नव्हती, पण आयसीयूत दिवस मोजणाऱ्या कुटुंबाने कोर्टाची पायरी कधी चढायची? प्रत्यक्षात पूर्वीपासूनचीच पळवाट चालू राहिली: ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ अशी सही करून रुग्णाला घरी न्यायचं. डॉक्टरांना गुन्ह्याची भीती, घरच्यांना बिलाची. कित्येकदा रुग्णाच्या वेदनेवरचे उपचारही त्या सहीबरोबर थांबत.

18 मे 2015 ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

पुढचं वळण आलं ते ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या 2005 च्या याचिकेतून. 9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, मानला आणि उपचारांबाबतची आपली इच्छा आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. मात्र त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची आणि आधार काढावा का, हे ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळांसाठी वीस-वीस वर्षं अनुभव असलेले तज्ज्ञ शोधावे लागायचे. लहान शहरात हे कुठून जमणार? अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या संघटनेने दाद मागितल्यावर 24 जानेवारी 2023 ला नियम सुटसुटीत झाले. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरची सही पुरते. रुग्णालयातच तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव चालतो आणि मत शक्यतो 48 तासांत द्यायचं असतं. घरच्यांची संमती लागतेच. दुसऱ्या मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे.

इच्छा लिहिलेला हा कागद सरकारदरबारी जपायचा कुणी, हा प्रश्न मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात नेला. त्यानंतर महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये त्यासाठी अभिरक्षक, म्हणजे हे कागद जपणारे अधिकारी, नेमले गेले.