रनिंग (पुनर्बांधित इंजिनाची)

जुन्या मोटारीचे इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून कापून सरळ करून), नव्या रिंगा, पिस्टन व बेअरिंग घालून पुन्हा बांधल्यावर सुटे भाग एकमेकांवर बसेपर्यंत ते ठरावीक शिस्तीने चालवण्याची क्रिया. पारिभाषिक मराठीत पिस्टनला ‘दट्ट्या’ व रिंगेला ‘कडी’ हे शब्द असले, तरी या क्रियेला रूढ शब्द ‘रनिंग’ हाच. ‘गाडी रनिंगमध्ये आहे’ एवढे म्हटले की पुरते.

ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळली असावी. तेव्हा बोअरची (सिलिंडरच्या आतल्या पोकळीची) घडाई आजच्याइतकी नेमकी नव्हती व व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगे हाताने खरवडून बसवली जात. त्यामुळे पहिले ५०० मैल ताशी ३० मैलांच्या आसपासच चालवावे, असा ब्रिटिश पुस्तिकांचा दंडक असे. मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी चिठ्ठी लावण्याची तिथली पद्धतही त्यातूनच आली. भारतात जुने मिस्त्री अजून हाच नियम सांगतात.

मतभेद आहे तो इथेच. एक पक्ष ‘जपून चालवा’ म्हणतो, दुसरा ‘सुरुवातीपासून भार द्या’ म्हणतो. रिंग सिलिंडरला कशामुळे चिकटते हे पाहिले तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. ज्वलनाचा वायू वरच्या रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला बाहेर रेटतो, आणि हा दाब थ्रॉटल उघडल्यावरच, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच, मिळतो. होनिंगने (बारीक दगडांनी घासून) सिलिंडरवर सुमारे ४५ अंशांत छेदणाऱ्या रेघा उठवलेल्या असतात. दाब असेल तर त्यांचे उंचवटे झिजून रिंग बसते. इंजिन तासभर नुसते आयडलवर (उभ्या गाडीत, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवले तर त्या रेघांत तेल जळून थर साचतो, बोअर काचेसारखा होतो (ग्लेझिंग) आणि रिंगा पुढे कधीच बसत नाहीत. मग सायलेन्सरमधून निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुंकर. उपाय म्हणजे इंजिन उघडून पुन्हा होनिंग व नव्या रिंगा. ‘जपून’ म्हणून केलेले बहुतेक नुकसान याच प्रकारचे असते. विमानांच्या पिस्टन इंजिनांतही सुरुवातीला साधे मिनरल ऑइल घालून ६५ ते ७५ टक्के शक्तीवर चालवण्याची शिफारस आहे. जपणुकीच्या पक्षाचे एक मात्र खरे: भार म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन गुरगुरवणे नव्हे. कमी फेऱ्यांवर ओढल्यास बेअरिंगमधील तेलाचा थर पातळ होऊन तिचे शेल (आतली अर्धवाटी) घासते.

कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) गरज वेगळी: भार नव्हे, फेऱ्या. कॅमवर टेकलेला सपाट टॅपेट स्वतःभोवती फिरत राहिला तरच कॅमचा उंचवटा टिकतो, आणि आयडलवर तिथे वंगण कमी पोहोचते. म्हणून नवा कॅम असल्यास सुरू होताच मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर २० मिनिटे ठेवतात. हा दंडक मुख्यतः कडक स्प्रिंगांच्या अमेरिकन इंजिनांवरून आला असावा. फियाट ११०० किंवा पद्मिनी (१,०८९ सीसी, बोअर ६८ मिमी.) व अँबॅसेडर (१,४८९ सीसी) यांत तो तितका निर्णायक नसला, तरी पाळल्याने तोटा नाही. जुनाच कॅम वापरल्यास प्रत्येक टॅपेट त्याच्या मूळ जागीच घालावा. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल घ्यावे. कॅमला वाचवणाऱ्या जस्त-फॉस्फरस संयुगावर आधुनिक मानकांनी घातलेली मर्यादा ३० व त्याखालच्या पातळ ग्रेडांना आहे, याला नाही. सिंथेटिक नंतर.

बांधणीआधी बोअर गरम साबणपाण्याने ब्रशने घासावा. नुसत्या रॉकेलने रेघांतला होनिंगचा चुरा निघत नाही. तेल लावलेले पांढरे फडके फिरवून काळे होईनासे झाले की पुरे, मात्र लगेच तेलाचा हात द्यावा. पावसाळ्यात तर काही मिनिटांत गंज धरतो. रिंगेच्या दोन टोकांमधली फट रिंग बोअरमध्ये बसवून मोजावी, ६८ मिमी. बोअरला साधारण ०.२० ते ०.३० मिमी. ती कमी ठेवल्यास तापल्यावर टोके भिडून रिंग तुटते. सुरू करण्याआधी प्लग काढून, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारावा. टायमिंग (ठिणगीची वेळ) आधीच लावावे आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरावे. वारंवार स्टार्टर मारत बसल्यास पेट्रोलने बोअरवरचे तेल धुऊन निघते. उभ्या गाडीच्या रेडिएटरसमोर पेडस्टल पंखा ठेवावा.

पहिले तेल व फिल्टर ५० किमी.ला, पुढचे ५०० ला. निथळलेल्या तेलात राखाडी झाक चालते. तांबूस चमक म्हणजे बेअरिंग झिजते आहे. हेड थंड असताना पुस्तिकेच्या क्रमाने पुन्हा टाइट करून टॅपेटची फट परत लावावी, कारण गॅस्केट दबल्याने ती कमी झालेली असते.

नाशिकमध्ये बोअरिंग, होनिंग व क्रँक ग्राइंडिंगची कामे सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यात होतात. रनिंगसाठी त्र्यंबक रस्ता सोयीचा, सुमारे २८ किमी.; त्र्यंबक नाशिकपेक्षा उंचावर असल्याने जाताना सौम्य भार, येताना सौम्य उतार. इंजिन गुरगुरणार नाही अशा गिअरमध्ये ताशी ४० वरून ६० किमी.पर्यंत अर्ध्याहून अधिक थ्रॉटलने घ्यावे, मग पाय काढून पुन्हा ४० वर येऊ द्यावे. असे आठ-दहा वेळा. पाय काढल्यावरच्या निर्वातामुळे तेल रिंगांपर्यंत ओढले जाते व चुरा धुतला जातो. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या, हा रस्ता टाळावा. ब्रह्मगिरी फेरीच्या गर्दीत गाडी तासन्‌तास आयडलवर राहते. कसारा घाट ५०० किमी. होईपर्यंत नको: उतरताना लाभ असला तरी परतीची सुमारे ३०० मीटरची चढण नव्या पिस्टनला तापवते. एप्रिल-मेमध्ये पहाटेच निघावे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांखाली ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदलेली, ५० वर्षांहून जुनी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल यांना मुभा आहे. अशा गाडीची रनिंग देखभालीतच धरावी लागते.