हारा, काझुओ

हारा, काझुओ : (८ जून १९४५ – ). जपानी माहितीपट दिग्दर्शक. जन्म यामागुची प्रांतातील उबे येथे. तरुणपणी ते टोकिओत छायाचित्रणाच्या शाळेत दाखल झाले, पण शिक्षण अर्धवट सोडून दिव्यांग मुलांच्या शाळेत कामाला लागले. या मुलांची त्यांनी काढलेली छायाचित्रे १९६९ मध्ये टोकिओच्या गिंझा भागातील निकॉन सलॉन या छायाचित्र-दालनात मांडली गेली. याच काळात साचिको कोबायाशी यांची भेट झाली. त्या पुढे त्यांच्या पत्नी आणि आजवरच्या बहुतेक चित्रपटांच्या निर्मात्या झाल्या. १९७२ मध्ये दोघांनी ‘शिस्सो प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढली.

‘सायोनारा सीपी’ (१९७२) हा पहिला चित्रपट सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांवर आहे. कृष्णधवल चित्रण असलेल्या या चित्रपटात हिरोशी योकोता भर रस्त्यात गुडघ्यांवर सरकत जातात आणि लोक त्यांना वळसा घालून निघून जातात. त्यांचे सहकारी कोइची योकोत्सुका हातात कॅमेरा घेऊन त्याच लोकांचे फोटो काढू लागतात. एरवी ज्यांच्याकडे टक लावून पाहिले जाते, तेच इथे पाहणारे होतात. हारा यांचे पुढचे सगळे काम या एका दृश्यात बीजरूपाने आहे. समोरच्या माणसाला नुसते टिपायचे नाही, त्याला काहीतरी करायला भाग पाडायचे आणि त्यात स्वतःही ओढले जायचे, ही त्यांची रीत. ‘कृतीचा माहितीपट’ असे ते तिला म्हणतात.

१९७४ च्या ‘गोकुशितेकी एरोस’मध्ये तर ते स्वतःलाही सोडत नाहीत. त्यांना सोडून मुलासह ओकिनावाला गेलेल्या पूर्वीच्या जोडीदार मियुकी ताकेदा यांच्या मागे ते कॅमेरा घेऊन जातात. पुढे ताकेदा हारांच्या टोकिओतल्या घरी कोणाच्याही मदतीविना बाळंत होतात. कॅमेरा चालू आहे, पण चित्र धूसर आहे. छायाचित्रणातून आलेल्या माणसाचा फोकस नेमका या क्षणी चुकला, आणि ते दृश्य त्यांनी तसेच ठेवले. त्याचा खरेपणा त्या धूसरपणातच आहे.

जगभर नाव झाले ते ‘युकि युकिते शिंगुन’मुळे (१९८७). त्याची मूळ कल्पना दिग्दर्शक शोहेई इमामुरा यांची. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या आघाडीवरून जिवंत परतलेले माजी सैनिक केन्झो ओकुझाकी हे त्याचे नायक. त्यांनी १९६९ मध्ये सम्राट हिरोहितो यांच्यावर गलोलीने पाचिंको या जपानी खेळातल्या धातूच्या गोळ्या झाडल्या होत्या. युद्ध संपल्यावर २३ दिवसांनी आपल्याच सैन्याने दोन जवानांना गोळ्या घातल्या. त्या कोणाच्या हुकुमावरून, हे विचारत ओकुझाकी म्हाताऱ्या माजी सैनिकांच्या दारी जातात. उत्तर मिळाले नाही की हात उगारतात. हारा चित्रण थांबवत नाहीत. ते बरोबर होते का, हा वाद आजही चालू आहे आणि तो रास्तच आहे. मात्र नरमांसभक्षणापर्यंत पोचणारे ते कबुलीजबाब सभ्य मुलाखतीत निघाले असते, असे वाटत नाही. या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात कॅलिगारी पुरस्कार मिळाला.

कादंबरीकार मित्सुहारू इनोउए यांच्या अखेरच्या दिवसांवरील ‘झेन्शिन शोसेत्सुका’ (१९९४) मध्ये लेखकाने सांगितलेल्या आत्मचरित्रातला बराच भाग कल्पित असल्याचे उघड होते. त्यानंतर हारा बंडखोर व्यक्तींकडून सामान्य माणसांकडे वळले. आधी ओसाका प्रांतातील सेन्नानच्या ॲस्बेस्टॉसपीडितांच्या न्यायालयीन लढ्यावरचा चित्रपट आला, मग मिनामातातील पाऱ्याच्या विषबाधेवरचा ‘मिनामाता मंडाला’ (२०२०). चित्रण आणि संकलन मिळून सुमारे वीस वर्षे घेतलेला हा चित्रपट ३७२ मिनिटांचा आहे. खटले, डॉक्टर, सरकारी अधिकारी हे सगळे त्यात आहेच. पण मनात राहतात त्या शिनोबू साकामोतो. पाऱ्याचे विष आईच्या पोटातच भिनलेल्या या बाई इथे आजाराविषयी नव्हे, तर आयुष्यात आपण कोणाकोणाच्या प्रेमात पडलो, ते सांगतात.