ड्रोन, रक्त आणि रवांडा: एक खुलासा

ड्रोनने माल पोचवणं ही श्रीमंत देशांची चैन, आफ्रिकेला तिचं उरलंसुरलं मिळालं, असा समज अजूनही फिरतोय. घडलं नेमकं उलटं. ऑक्टोबर २०१६मध्ये रवांडातल्या मुहांगाहून झिपलाइन कंपनीचे ड्रोन रुग्णालयांना रक्त पोचवू लागले, तेव्हा अमेरिकेत हा प्रकार चाचण्यांपुरताच होता.

दुसरी गंमत म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो लग्नातला, चार पंख्यांचा ड्रोन. हे त्यातले नव्हेत. ही पंखवाली छोटी विमानं आहेत. ती रुग्णालयात उतरतही नाहीत. खोकं छोट्या पॅराशूटने खाली सोडतात आणि परत फिरतात. तळावर ताणलेल्या दोरीत शेपटीचा आकडा अडकवून त्यांना थांबवतात.

फायदा फक्त वेगाचा आहे का? माझ्या मते खरी कमाई वेगळीच. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. प्रत्येक छोट्या रुग्णालयाने प्रत्येक गटाचं रक्त साठवलं, तर बरंच फुकट जाणार. मागवल्यावर तासाभरात मिळणार असेल तर साठा मध्यवर्ती ठेवता येतो. रवांडातल्या २०२२च्या अभ्यासात मुदत संपून वाया जाणारं रक्त ६७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.